क्लचचा पाय

अमळनेर डेपोत एकोणतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलं. बस चालवणाऱ्याची डावी टाच खाली टेकलेली असते आणि तिच्यावर जोर देऊन पाय दिवसातून हजारदा क्लचवर जातो-येतो. त्यामुळे टाचेला घट्टा पडला तर आम्ही त्याला आजार म्हणत नाही. तो नोकरीचा शिक्का.

त्या घट्ट्याच्या कडेला काळा ठिपका दिसला २०२१ च्या दिवाळीत. आमचा संप सुरू झाला होता, घरीच होतो, ओट्यावर पाय पसरून बसायचो. बायको म्हणाली, "अहो, टाचेला डांबर लागलंय बघा." रॉकेलने घासलं, निघेना. आई तिथेच शेंगा फोडत बसली होती. तिने चष्मा न लावताच निकाल दिला, "काटा मोडेल व्हई, दुसरं काय!" आणि बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, त्याचं तेल त्या जागी टेकवलं. चर्र झालं. आता बिब्ब्याचा डाग काळाच पडतो. म्हणजे पुढचं वर्षभर टाच पाहणारा जो-तो म्हणायचा, बिब्ब्याचा आहे, जाईल हळूहळू. काळ्यावर काळं झालं आणि खालचं काळं कुणालाच दिसलं नाही, मलाही नाही.

एप्रिल २०२२ मध्ये संप मिटला, ड्युटीवर गेलो. अमळनेर-चोपडा फेऱ्या, मधूनच मुक्कामी गाडी. ठिपका आता चवलीएवढा झाला होता, कडा वाकड्यातिकड्या, एका बाजूला शाई सांडल्यासारखा. मेडिकलवाल्याने कुरुपाच्या पट्ट्या दिल्या. त्या लावल्या. मुक्कामाच्या गावी रात्री दाढीच्या ब्लेडने मी स्वतः खरवडायचो, रक्त यायचं, त्यावर हळद. हे आज लिहिताना माझंच मला कसंतरी होतं.

डिसेंबरमध्ये जवळच्याच एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कुरूप आहे, दहा मिनिटांचं काम. सुई देऊन जागा बधिर केली, काढलं, तीन टाके घातले. ट्रेमध्ये तो तुकडा मला दाखवला, "हे बघा मूळ." मी खूश. बाराशे रुपये दिले आणि चालत घरी आलो. तुकडा बादलीत गेला.

मला पुढे जे-जे भोगावं लागलं त्यातला निम्मा हिशोब त्या बादलीपाशी येऊन थांबतो. अंगातून काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

सप्टेंबर २०२३. टाक्यांच्या व्रणाभोवती मोहरीसारखे काळे ठिपके उठले, मधली जागा ओली राहू लागली, मोजा चिकटायचा. आणि डाव्या जांघेत गाठ आली. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण अवधान ठणकतं. ताप आणतं, लंगडायला लावतं. ही गाठ सुपारीसारखी कडक होती आणि अजिबात दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी महिनाभर बिनघोर होतो. उलटं होतं सगळं. दुखत नव्हती म्हणूनच घाबरायला हवं होतं.

शेवटी पोराने जळगावला कातडीच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी एक छोटी दुर्बीण टाचेवर टेकवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "काका, आधी काढलं होतं ना? त्याचा रिपोर्ट?"

मी म्हटलं, "कसला रिपोर्ट?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या पंचने एक तुकडा घेतला, जांघेतल्या गाठीत सुई घालून पाणी काढलं, दोन्ही तपासायला पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तो बहुतेक वेळा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गाडी चालवतो, उन्हाने झालं का? त्या म्हणाल्या, "टाचेला ऊन कुठे लागतं काका?" गोऱ्या लोकांच्या मेलानोमाशी उन्हाचा संबंध असतो, या जागेच्या मेलानोमाशी तसा नसतो. औषधांचा गुणही या दोघांना सारखा येत नाही, हे नंतर समजायचं होतं.

सुईच्या तपासणीत जांघेतही तेच निघालं. मी सरळ म्हटलं, "मॅडम, पाय काढायचा तर काढा. घोट्यातून काढा, गुडघ्यातून काढा. पण लवकर काढा." गाडीचा पार्ट गेला की बदलायचा, एवढंच आमचं डोकं. त्या म्हणाल्या, "आधी कुठवर गेलंय ते बघायचं. मग किती काढायचं ते ठरवायचं."

हे वाक्य पुढे दोन वर्षं मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो. दरवेळी राग यायचा.

मुंबईला टाटात जायचं ठरलं. नंदुरबारवरून जाणारी रात्रीची गाडी, सोबत पोरगा आणि मेहुणा, पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे बिहारपासून आसामपर्यंतची माणसं. कुणाचा जबडा काढलेला, कुणाच्या गळ्याला नळी. माझी टाच तिथे किरकोळ दिसायला लागली. पहिल्या रात्री मात्र झोप आली नाही. भाकरी तशीच राहिली.

पेट स्कॅनला नेलं. साखरेसारखं औषध किरणोत्सारी करून शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी ती साखर अधाशासारखी खातात आणि चित्रात उजळून दिसतात. दिवसभर लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब राहा म्हणाले, मी धर्मशाळेच्या जिन्यात एकटाच बसून राहिलो. मेंदूचा एमआरआय वेगळा झाला. चार दिवसांनी सर्जनसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. टाच पेटलेली, जांघेत तीन दिवे. फुफ्फुस, लिव्हर, मेंदू स्वच्छ. "तिसरा टप्पा," ते म्हणाले, "ऑपरेशनच्या आवाक्यातला."

मी पुन्हा पाय काढण्याचं काढलं. तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते मी इथे माझ्या भाषेत लिहितो.

म्हणाले, गुडघ्यातून पाय काढला तर जांघेतली गाठ जाणार आहे का? ती तर कापल्याच्या वर आहे. पाय काढून आयुष्य वाढत असतं तर काढला असता. टाचेवर डागाच्या चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर चांगली कातडी घेऊन खाली स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत काढलं की तिथलं काम होतं. आणि जांघेत पायातला लिंफचा रस गाळणाऱ्या बारीक गाठी प्रत्येकाला असतात, आजार आधी त्यांच्यात शिरतो. त्या जांघेतल्या, तिच्यावर कमरेच्या आतल्या गाठींचा सगळा गठ्ठा एकसंध उचलायचा. हाताला लागणारी गाठ असेल तेव्हा हे करावंच लागतं. गाठ हाताला लागत नसती, तर निळा रंग टोचून, टाचेकडचा रस जिथे आधी पोचतो ती पहिली गाठ शोधली असती, तेवढीच काढून तपासली असती. तिच्यात सूक्ष्म आजार सापडला तरी बाकीच्या सगळ्या काढून माणूस जास्त जगतो असं दिसलेलं नाही. २०१७ साली मोठा अभ्यास होऊन ते ठरलंय, तेव्हापासून नुसतं लक्ष ठेवतात. "तुम्ही ती वेळ ओलांडून आलात."

मग त्यांनी पहिल्या ऑपरेशनचं विचारलं. मेलानोमाचं सगळं गणित जाडीवर चालतं. एक मिलिमीटरपर्यंत जाड असेल तर कडेने एक सेंटिमीटर पुरतं, दोन मिलिमीटरच्या वर गेला की दोन सेंटिमीटर. गाठ तपासायची की नाही, पुढचा धोका किती, सगळं त्या जाडीवरून. "तुमची मूळ जाडी किती होती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही." माझ्या डोळ्यांसमोर ती बादली आली.

अजून एक गोष्ट त्यांनी आधीच सांगून टाकली, त्याबद्दल मी त्यांना मानतो. "मी डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं ते काढेन. रक्तातून जे आधीच निघून गेलं असेल त्याला माझी सुरी पोचत नाही." त्यासाठी इम्युनोथेरपी. ते औषध आपल्याच शरीराच्या फौजेचा ब्रेक सोडतं. ड्रायव्हरला ब्रेकचं उदाहरण दिलं की लगेच कळतं. ऑपरेशनच्या आधी देण्याचाही विचार तेव्हा पुढे येत होता, कारण गाठ अंगात असेपर्यंत फौजेला शत्रू नीट ओळखता येतो. पुढे २०२४ मध्ये त्यावरचा ४२३ रुग्णांचा अभ्यास छापून आला, तेही एका फेरीला त्यांनीच सांगितलं. औषधाचे दोन डोस आधी घेऊन मग ऑपरेशन केलेल्या शंभरातल्या ८४ जणांचा आजार वर्षभर पुढे गेला नाही की उलटला नाही, आधी ऑपरेशन करून मग औषध घेणाऱ्यांत तो आकडा ५७. माझ्या वेळी एका डोसचा खर्च ऐकून पोरगा खिडकीबाहेर बघत राहिला. शिवाय टाचेच्या जातीच्या मेलानोमाला हे औषध उन्हाच्या मेलानोमाइतकं लागू पडत नाही. म्हणून आमच्यात ऑपरेशन पुढे, औषध मागे, असं ठरलं.

डिसेंबर २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी प्लॅस्टिक सर्जन आले, निळ्या पेनाने माझ्या तळव्यावर नकाशा काढला. टाचेवर शरीराचा भार येतो, तिथे मांडीची पातळ कातडी टिकत नाही, महिन्यात फाटते. म्हणून तळव्याच्या कमानीची जाड कातडी, खालच्या चरबी-रक्तवाहिन्या-नसेसकट, उचलून टाचेवर फिरवायची. कमान चालताना जमिनीला टेकत नाही, त्यामुळे तिथे मांडीची कातडी चालते. घर सारवताना एका कोपऱ्यातली माती दुसऱ्या कोपऱ्यात न्यावी तसं.

सहा तास लागले म्हणे. मला त्यातलं काही माहीत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा सगळ्यात जास्त आग होत होती ती मांडीची, जिथला कॅन्सरशी काहीच संबंध नाही. नुसती वरची पापुद्र्याएवढी कातडी सोलून घेतलेली, पण चुलीजवळ पाय धरल्यासारखं. टाच बधिर, जांघ जड. पहिले दोन दिवस नर्स दर तासाला येऊन टाचेचा रंग बघायची, गुलाबी आहे ना, दाबल्यावर परत भरतो ना. रात्री तीनला बॅटरी घेऊन माझी टाच बघणारी ती मुलगी केरळची होती. तिला मराठी चारच शब्द यायचे, त्यातला एक "छान".

जांघेतून एक नळी बाहेर काढून प्लॅस्टिकच्या डब्याला जोडलेली. गाठी काढल्या की तिथला लिंफचा रस वाट शोधत राहतो, तो त्या डब्यात जमतो. रोज किती मिलि जमला ते लिहायचं. एसटीत आम्हाला केपीटीएल लिहायची सवय, दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर गाडी पळवली. मी वही केली आणि तारीख, सकाळ, संध्याकाळ, बेरीज असे रकाने आखले. २८०, २४०, २५५, २१०. डॉक्टर राउंडला आले की वही पुढे करायचो. घरी आलो तरी नळी होतीच, सव्वीसाव्या दिवशी २५ वर आलं तेव्हा निघाली. तीसच्या खाली आल्याशिवाय काढत नाहीत. मधल्या काळात जांघेच्या टाक्यांची कड काळी पडून सुटली. हे होतं, तिथली कातडी पातळ असते, हे आधीच सांगितलेलं होतं, तरी बायको ती जखम पाहून देवघरात जाऊन बसली. अमळनेरच्याच एका डॉक्टरांनी तीन आठवडे ड्रेसिंग करून ती भरून आणली. सहा आठवडे टाच टेकवायची नव्हती, वॉकर घेऊन एका पायावर.

रिपोर्ट आला. टाचेच्या चारही कडा स्वच्छ. बावीस गाठी काढल्या, तिघींत आजार, एकीचं वेष्टण फोडून बाहेर आलेला. याचा अर्थ उलटण्याची भीती जास्त. औषध सुरू करायचं का यावर घरात आठवडाभर खल झाला. दोन एकर विकून घ्यावं असं पोराचं म्हणणं. मी नाही म्हटलं. दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि तपासणी, एवढ्यावर थांबलो. तो निर्णय बरोबर होता की नाही ते मी सांगणार नाही, कारण मलाच रोज वेगळं वाटतं.

पाय सुजायला लागला. गाठी नसल्या की पायातलं पाणी वर चढत नाही. मांडीपर्यंत घट्ट मोजा, रात्री पायाखाली उशी, कातडीला चीर पडू द्यायची नाही, अनवाणी तर अजिबात नाही. गावात लगेच झालं की नानाले हत्तीपाय व्हयना. एकाने मच्छरदाणी आणून दिली, मी ठेवून घेतली. डेपोने स्टेअरिंगवरून काढून कंट्रोल केबिनमध्ये बसवलं. मायक्रोफोनवर गाड्या पुकारायच्या. निवृत्तीपर्यंतचे महिने तिथेच गेले.

फेब्रुवारी २०२५ च्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात एक ठिपका. अकरा मिलिमीटर. म्हणजे चौथा टप्पा. मला वाटलं, संपलं. सर्जनसाहेबांना म्हटलं, साहेब, एकच आहे ना, उद्याच्या उद्या काढा. ते म्हणाले, "तीन महिने थांबू."

मी त्यांच्यावर आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरवर.

त्यांनी शांतपणे सांगितलं. एक दिसतोय म्हणजे एकच आहे असं नाही. आणखी पाच डोळ्याला न दिसणारे असतील तर आज छातीत हात घालून एक काढला, तरी महिन्याने पाच उभे राहतील. तुमची ताकद खर्च झालेली असेल आणि औषध लांबलेलं. तीन महिन्यांत नवे निघाले तर ऑपरेशनचा उपयोग नव्हता हे कळेल. एकटाच राहिला, सावकाश वाढला, तर तो काढण्यासारखा. एवढ्या पुढे गेलेल्या आजारात सुरी चालवायची ती निवडून.

ते तीन महिने टाचेच्या ऑपरेशनपेक्षा जड गेले. उन्हाळा, लग्नसराई, प्रत्येक मांडवात कुणीतरी विचारणार, "पाय कसा शे नाना?" पाय बरा होता. पायाचं आता कुणाला काय.

मे महिन्यात पुन्हा स्कॅन. तोच एक, चौदा मिलिमीटर, दुसरा कुठे नाही. छातीला तीन भोकं पाडून दुर्बिणीने तेवढा तुकडा काढला, पाचव्या दिवशी घरी. टाचेच्या मानाने काहीच वाटलं नाही. तुकडा तपासायला जातो ना, हे मी टेबलावर झोपण्याआधी दोनदा विचारलं. भूलतज्ज्ञ हसले.

त्यानंतर मात्र औषध सुरू केलं. एका ट्रस्टने बराच भार उचलला, अर्धा एकर तरी गेलंच. चार आठवड्यांनी एकदा सलाईनमधून देतात, तासाभराचं काम. ब्रेक सुटलेल्या फौजेने मध्ये थायरॉइडवरच हल्ला केला, त्याची गोळी आता सकाळी उपाशीपोटी. शेवटचे दोन स्कॅन कोरे आले. पुढचा पोळ्यानंतर.

परवा पोरगा शेतात पाणी भरत होता, ट्रॅक्टर बांधाशी उभा. कुणी बघत नाही असं पाहून चढलो. मोज्यातला जड पाय उचलून ठेवला, टाच टेकवली, क्लच दाबला. नकाशा काढणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस सोबत आणलीय, सहा महिन्यांनी कळायला लागेल, पण मेंदूला जुनाच पत्ता ठाऊक असतो. खरंच तसं झालं. टाच लोखंडाला टेकली होती आणि मला गार लागलं ते तळव्याच्या कमानीत, जिथे काहीच टेकलेलं नव्हतं. दोन-तीनदा टेकवून पाहिली. मग पोराची हाक आली, "नाना, उतरा हो खाली," म्हणून उतरलो.